मुंजीला फोटोग्राफर लावावा की घरच्यांचे मोबाईल पुरेत?

रानजाई

नमस्कार मंडळी,

लेकाची मुंज वैशाखात आहे, सांगलीला, सासरच्या गावी. कार्यालय ठरलं, गुरुजी ठरले, आचारी ठरला. अडलंय ते फोटोंपाशी. घरात सरळ दोन तट पडलेत.

तिथल्या एका फोटोग्राफरने भाव सांगितला: आदल्या दिवशीचं ग्रहमख आणि मुंजीचा पूर्ण दिवस, दोन माणसं, फोटो, व्हिडिओ आणि ४० पानी अल्बम मिळून ५५ हजार. अल्बम नको असेल तर ३८. नवरा म्हणतो, मागच्या दिवाळीत ८० हजारांचा फोन घेतलाय, दिराकडे तसलाच आहे, नणंदेच्या मुलाला तर फोटोंचं वेडच आहे. खिशाखिशात कॅमेरा असताना बाहेरचा माणूस कशाला? त्याचा दुसरा मुद्दा मला खोडता येत नाही. आमच्या लग्नाचा अल्बम कपाटाच्या वरच्या फळीवर आहे आणि १२ वर्षांत तो चारदा उघडला असेल.

तरी माझं मन घेत नाही, कारण बारसं. लेकाच्या बारशाला आम्ही फोटोग्राफर लावला नव्हता. सगळ्यांनी फोनवर मिळून सहाशेच्या वर फोटो काढले. केक, सजावट, पाळण्याची फुलं, मावश्यांचे घोळके, सगळं आहे. पण माझी आई कुठल्याच फोटोत नीट नाही. एकात पाठमोरी, एकात अर्धी कापलेली, एकात डोळे मिटलेले. आई आता नाही. त्या सहाशे फोटोंमधून मी तिला किती वेळा शोधलंय ते माझं मला माहीत.

म्हणून विचारते, पैसे नक्की कशाचे द्यायचे असतात? कॅमेऱ्याचे की आणखी कशाचे? ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

टपालपेटी

फोनच. ३८ हजारांची मुलाच्या नावे एफडी करा, अठराव्या वर्षी त्याला जास्त उपयोग होईल.

धुळ्याचा भाचा

फोटोग्राफर नसेल तर तोंडात जिलबीचा घास असतानाचे फोटो कोण काढणार? आमच्या खानदानात त्याशिवाय कार्य पुरं झालं असं धरत नाहीत. माझ्या मामाचे अशा पोजमधले तीन लग्नांतले तीन फोटो आहेत, तिन्हीत जिलबीच.

सदाफुली

रानजाई, दोन वर्षांपूर्वी याच फेऱ्यातून गेलेय म्हणून सविस्तर लिहिते.

लग्नात निदान आईबाप जरा मोकळे असतात. मुंजीत तसं नसतं, मुंज आईबापांचीच असते. मातृभोजनाला घास भरवणारी तुम्ही. अंतरपाटाच्या एका बाजूला बटू, दुसऱ्या बाजूला त्याचे बाबा. उपरण्याखाली कानात गायत्री सांगणारे बाबाच. होमाला दोघं बसलेले. म्हणजे ज्या ८० हजारांच्या फोनच्या भरवशावर आहात, त्याचा मालक दिवसभर सोवळं नेसून पाटावर. फोन कुणाच्या तरी हातात द्यावा लागणार आणि तो कुणीतरी बटूचा काका, आत्या किंवा आजोबा असणार, ज्यांना स्वतःलाही त्या क्षणी तिथे असायचं असतं.

आमच्याकडे ते काम माझ्या भावाने केलं. प्रेमाने केलं, फोटोही बरे आले. पण संध्याकाळी तो म्हणाला, "ताई, मुंज कशी झाली गं? मी स्क्रीनवरच बघितली." मामा होता तो. भाच्याच्या मुंजीत मामाचा एकही फोटो नाही, कारण सगळे त्यानेच काढले. ते मला अजून लागतं.

मोरावळा

सदाफुली, +१. हा मुद्दा कुणी मांडत नाही. फोटो फुकट पडत नाहीत, घरातलं एक माणूस खर्ची पडतं.

चष्मेबहाद्दर

मी उलट बाजूने लिहितो. पुतण्याच्या लग्नात फोटोग्राफर, त्याचा मदतनीस, व्हिडिओवाला आणि दिवेवाला असे चौघे स्टेजच्या कडेला पाठ करून उभे. खाली ४०० माणसं बसलेली आणि आम्हाला वधूवरांऐवजी चार शर्ट दिसत होते. मंगळसूत्र घालताना "सर, एकदा परत" म्हणून थांबवलं. गुरुजी बिचारे मंत्र धरून बसले. सप्तपदीची पावलं दोनदा टाकायला लावली. जे एकदाच करायचं असतं ते कॅमेऱ्यासाठी दोनदा केलं, तर दुसऱ्या वेळचा तो अभिनय होतो. फोटो झकास आलेत, पण मला ते बघवत नाहीत.

मुंज हा संस्कार आहे, शूटिंग नव्हे. घरच्यांनी कोपऱ्यात उभं राहून चार फोटो काढले तर काही बिघडत नाही.

कॅमेऱ्यामागचा

मी सातारा भागात हेच काम करतो, १६ वर्षं झाली. चष्मेबहाद्दर यांचा राग शंभर टक्के रास्त आहे. "परत घाला" म्हणणारा माणूस क्षण चुकलेला असतो, म्हणून तो म्हणतो. ज्याला काम येतं त्याच्यावर ती वेळ येऊ नये.

धागाकर्तीने विचारलंय, पैसे कशाचे. माझ्या बाजूने सांगतो.

अंतरपाट दूर होतो तेव्हा पोरगं बापाकडे बघतं. ती नजर एक-दीड सेकंद टिकते. लगेच अक्षता, टाळ्या, वाजंत्री, सगळे पुढे सरकतात आणि संपलं. त्या दीड सेकंदासाठी मी आदल्या दिवशी कार्यालयात जाऊन येतो. खिडक्या कुठल्या बाजूला, मुहूर्ताच्या वेळी ऊन कुठे असेल, होमाचा धूर कुठे जाईल, स्टेजवरचे दिवे कसले आहेत. गुरुजींना भेटून क्रम विचारतो, कारण प्रत्येक गुरुजींची पद्धत थोडी वेगळी असते. घरच्यांकडून नावं घेतो: आजी कोणती, मामा कोण, कुणाची तब्येत बरी नाही. आजारी आजोबा दुपारपर्यंत बसत नाहीत, सकाळी आठलाच खोलीत जाऊन त्यांच्यासोबत बटूचा फोटो घ्यायचा. हे कुठल्याही कॅमेऱ्यात येत नाही, ते माणसाला ठरवावं लागतं.

मग काम घरी येतं. दोन दिवसांत अडीच-तीन हजार फोटो होतात. त्यातून ४०० निवडायचे, रंग जुळवायचे (कार्यालयातल्या पिवळ्या-निळ्या दिव्यांत हळद कधी हिरवी दिसते), अल्बमची पानं मांडायची, छपाई बाहेरच्या प्रेसमध्ये. कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात, दोन्हींवर एकदमच फोटो उतरतो. रात्री दोन हार्डडिस्कवर घेतल्याशिवाय मी झोपत नाही. १६ वर्षांत एकदा कार्ड गेलं, पण दुसऱ्यावर सगळं होतं.

आणि काम बारमाही नाही. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतं, त्यातही मुहूर्ताचे दिवस मोजके. एका तारखेला चार जणांचे फोन येतात, चातुर्मासात दुकानात बसून पासपोर्ट फोटो काढतो. ५५ हजारांत दोघांची दोन दिवसांची मजुरी, पंधरा दिवसांचं घरचं काम, छपाई आणि कॅमेऱ्यांची झीज, सगळं आलं. महाग वाटतं हे मान्य. पण लुटालूट म्हणतात ती नाही.

टपालपेटी

@कॅमेऱ्यामागचा, आजारी आजोबांचं वाचून माझं एफडीचं मत जरा डळमळलं. प्रामाणिकपणे सांगतो.

बिटवाला

तांत्रिक बाजू मांडतो, कारण या विषयावर दोन्हीकडून बरंच ऐकीव बोललं जातं.

व्यावसायिक फुलफ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर (उजेड टिपणारा आतला तुकडा) ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर साधारण १० × ७.५ मिमीच्या आसपास, म्हणजे ७५ चौरस मिमी. अकरा-बारा पटींचा फरक. पावसात परात ठेवली आणि वाटी ठेवली, एवढंच गणित. उजेड भरपूर असेल तर वाटीही भरते, म्हणून दुपारी अंगणात काढलेले दोन्ही फोटो फोनच्या पडद्यावर जवळजवळ सारखे दिसतात. कार्यालयाच्या आतल्या खोलीत मात्र वाटी रिकामी राहते.

फोन ही कमतरता हिशेबाने भरून काढतो. तुम्ही बटण एकदा दाबता, तो लागोपाठ अनेक फोटो घेऊन एकात एक मिसळतो. स्थिर वस्तूवर हे अफाट चालतं, पण आठ वर्षांचा बटू स्थिर नसतो. मग हाताच्या जागी धुरकट पट्टा येतो. पोर्ट्रेट मोडमधली मागची धूसरताही भिंगातून आलेली नसते. माणूस कुठे संपतो हे फोन अंदाजाने ठरवतो आणि बाकीचं पुसट करतो. मुंडावळ्यांचे लोंबते मोती त्याला भिंतीचा भाग वाटतात. माझ्या पुतण्याच्या फोटोत एका बाजूची मुंडावळी अर्ध्यावरून गायब आहे.

एलईडी दिव्यांचंही सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या प्रतीचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, फोटोत आणि व्हिडिओत मात्र काळे आडवे पट्टे येतात. जाणता माणूस शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवून ते टाळतो.

आता फोनच्या बाजूचं. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० × ३००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके धरले तरी १३ × १० इंचांचा चांगला प्रिंट निघतो. भिंतीवरच्या फ्रेमला तेवढं पुरतं. अट एकच, मूळ फाइल हवी. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो.

थेंब

सगळं पटतंय, तरी माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते.

बाबांच्या पंच्याहत्तरीला आम्ही रीतसर फोटोग्राफर बोलावला होता. बाबा कोट घालून, ताठ, ओठ मिटून बसलेत. उजेड सुंदर, सगळं सुंदर, पण ते आमचे बाबा नव्हेत. कॅमेरा समोर आला की त्यांचा चेहराच बदलायचा.

त्यांचा माझा सगळ्यात लाडका फोटो एका पाच हजारांच्या फोनवर निघालाय. स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून ते फणसाचे गरे काढतायत, हाताला तेल, आणि आई काहीतरी बोललीय म्हणून हसतायत. फोटो हललेला आहे, कोपऱ्यात गॅसची शेगडी आलीय. पण हसू त्यांचं आहे. त्या दिवशी फणस फोडायला कुणी फोटोग्राफर बोलावणार नव्हतं. फोनची ही किंमत कुठल्याही भावपत्रकात धरता येत नाही.

कॅमेऱ्यामागचा

थेंबताई, तुमच्याशी वादच नाही. तो फोटो मला काढता आला नसता. मी दारातून आत आलो असतो आणि बाबांनी हात धुतले असते.

आप्पा पाटणकर

वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा आहे, मराठी टायपिंग सावकाश होतं, सांभाळून घ्या.

माझे आजोबा १९७१ साली गेले. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली. आयुष्यात त्यांचा एकच फोटो निघाला होता, एका वरातीच्या घोळक्यात, चेहरा मसुराच्या डाळीएवढा. कऱ्हाडच्या स्टुडिओत नेला. त्यांनी तो मोठा केला, निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने डोळे-मिशा ठळक केल्या आणि खाली कोट-टाय जोडून दिला. आजोबांनी उभ्या जन्मात कोट घातला नव्हता, कायम बंडी आणि मुंडासं. आजी त्या फोटोपुढे उभी राहायची आणि म्हणायची, "ह्यो कोन सायब आणलाय?" तरी रोज हार तिनेच घातला.

म्हणून मी पोरांना सांगतो, घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एक स्वच्छ, समोरून काढलेला, त्याच्या रोजच्या कपड्यातला फोटो असू द्या. फोनवर काढा नाहीतर स्टुडिओत जा, पण बसवून काढा. माणूस गेल्यावर ग्रुप फोटोतून चेहरा कापून काढण्यासारखं दुःख नाही.

रानजाई

आप्पा, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. आईचा भिंतीवरचा फोटो आम्हीही असाच कापून काढलाय, आधार कार्डाच्या वेळचा.

मोरावळा

आप्पा, स्टुडिओचा विषय निघाला म्हणून थोडं अवांतर. सिनेमाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळक्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला होता. होमाई व्यारावालांचं काम पाहिलंय का कुणी? जेजेत शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, २०११ मध्ये पद्मविभूषण. त्या रोलीफ्लेक्स वापरायच्या, एका रोलवर फक्त १२ फोटो. बाराच काढता येतात म्हटल्यावर माणूस बटण दाबण्याआधी बघतो. आमच्या घरी ३६ चा रोल असायचा, तो गणपती ते दिवाळी पुरवायचा. शेवटचे दोन फोटो संपवायचे म्हणून कुत्र्याचे काढलेले असायचे.

धुळ्याचा भाचा

आणि रोल धुवून आला की कळायचं, दोन महिन्यांतला सगळ्यात छान फोटो कुत्र्याचाच आलाय.

मिशिगनकाठची

शिकागोहून लिहितेय. इथल्या शिकागो सन-टाइम्स दैनिकाने मे २०१३ मध्ये आपले सगळेच्या सगळे २८ पूर्णवेळ छायाचित्रकार एका दिवसात कमी केले आणि बातमीदारांना आयफोनवर फोटो काढायला शिकवायचं ठरवलं. त्या २८ जणांत पुलित्झर मिळालेले जॉन व्हाइटही होते. तेव्हाही हाच युक्तिवाद होता, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

सदाफुलीच्या भावाचं वाचून मला तेच आठवलं. बातमीदाराने ऐकायचं, टिपून घ्यायचं, प्रश्न विचारायचे, आणि त्यातच बघायचंही. कान आणि डोळे एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालत नाहीत. मामा असणं आणि फोटो काढणं ही दोन कामं आहेत, तशीच ही दोन.

चष्मेबहाद्दर

मिशिगनकाठची, उदाहरण नेमकं आहे, पण वृत्तपत्राचं काम आणि मुंज एका मापाने मोजू नका. सुधारक ओलव्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते त्या लोकांमध्ये जाऊन, राहून. त्या कामाला तोड नाही, पद्मश्रीसुद्धा मिळाली त्यांना २०१६ मध्ये. पण आमच्या कार्यालयात येणारा माणूस सकाळी सहाला पहिल्यांदा आपल्याला बघतो आणि दुपारी दुसऱ्या कार्याला जातो. त्याला आमच्या आजीशी काय देणंघेणं?

सदाफुली

देणंघेणं आपण घडवून आणायचं. मुंजीच्या आधी त्याला घरी चहाला बोलवा. हे मला उशिरा सुचलं, धाकट्याच्या वेळी केलं. तासभर गप्पा झाल्या, सगळ्यांची ओळख झाली. फोटोंत फरक पडला. तो आमच्या सासऱ्यांना "आबा" म्हणायला लागला होता, मग आबा त्याच्यासमोर आपसूक हसले.

कायदेपाल

वकिलीच्या सवयीने एक भर घालतो. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ प्रमाणे तुम्ही मोबदला देऊन फोटो काढून घेतलेत आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंचे पहिले हक्कदार तुम्ही. पण अनेक फोटोग्राफरांच्या छापील पावतीच्या मागे बारीक अक्षरात वेगळं लिहिलेलं असतं आणि त्यावर आपण सही करतो. तो "वेगळा करार" झाला. वाचून सही करा.

तीन गोष्टी लिहून घ्या. मूळ फाइली मिळणार का, किती दिवसांत मिळणार, आणि मुलाचे फोटो त्याच्या इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील तर आधी विचारणार का. तिसरी विशेष महत्त्वाची, कारण आठ वर्षांचं पोर उघडंवाघडं, लंगोटीवर असतं. आपल्याला त्यात काही वाटत नाही, पण ते सगळ्या जगापुढे जावं का हे आईबापांनी ठरवावं.

कॅमेऱ्यामागचा

कायदेपाल साहेब, अनुमोदन. मी लंगोटीतले फोटो कुठेच टाकत नाही, घरच्यांनी हो म्हटलं तरी नाही.

बिटवाला

साठवणीचंही बोलून घेऊ. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद मोफत जागा बंद झाली. ईमेल, फाइली आणि फोटो मिळून १५ जीबी, पुढे पैसे. मुंजीचे पाच जणांच्या फोनमधले फोटो-व्हिडिओ सहज त्याच्या पुढे जातात. फोन पाण्यात पडला, हरवला, विकला की पहिला बळी फोटोंचा. फोटोग्राफर लावा न लावा, आठवड्याच्या आत सगळ्यांच्या फोनमधलं एका हार्डडिस्कवर उतरवा.

इंद्रायणी तांदूळ

माझ्या चुलत जावेने हेच टाळलं. बाळाचं पहिलं वर्ष पूर्ण फोनमध्ये होतं, रिक्षात फोन राहिला. आता तिच्याकडे आम्हाला पाठवलेले व्हॉट्सअॅपवरचे आकसलेले २३ फोटो आहेत. तेच छापलेत, दोन इंचांचे. लेकीचं बाळपण एवढंसं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला पूर्ण धागा वाचायला दिला. सदाफुलीच्या भावाच्या वाक्यावर तो थांबला. "म्हणजे त्या दिवशी मी कॅमेरामन होऊच शकत नाही," म्हणाला. यावर तो आधी विचारच करत नव्हता.

कॅमेऱ्यामागचा, एक विचारायचं होतं. ५५ हजार आम्हाला खरंच जड आहेत. व्हिडिओ नको, अल्बम नको, ग्रहमख नको, एकच माणूस, फक्त मुंजीची सकाळ, असं मागितलेलं चालतं का? की राग येतो?

कॅमेऱ्यामागचा

राग कसला, ताई. सरळ विचारा. वैशाखातली मुहूर्ताची तारीख असेल तर मोठी कामं घेणारा कदाचित नाही म्हणेल, कारण तो दिवस त्याचा तेवढाच. पण नव्याने काम सुरू केलेली चांगली पोरं असतात, ती आनंदाने येतात. त्यांच्याकडचे निवडक वीस फोटो बघू नका, ते सगळ्यांचेच छान असतात. एका पूर्ण कार्याचे सगळे फोटो दाखव म्हणा. अंधाऱ्या खोलीतले, धुरातले, म्हाताऱ्या माणसांचे कसे आलेत ते बघा.

वेळ पहाटेपासून भिक्षावळीआधीपर्यंत ठेवा. मातृभोजन, केस उतरवणं, मंगलाष्टका, होम एवढं त्याच्याकडे. भिक्षावळ, पंगती, गप्पा फोनवर होऊ द्या, तिथे उजेडही असतो आणि घरच्यांसमोर लोक मोकळे हसतात. आणि ज्यांचे फोटो हवेतच अशा माणसांची नावं कागदावर लिहून त्याच्या खिशात द्या. आईंचं झालं ते पुन्हा कुणाचं होऊ नये.

फोनवाल्यांना सांगा, भिंग मऊ कापडाने पुसून घ्या, निम्मे धुरकट फोटो बोटाच्या तेलाने येतात. बोटांनी ताणून झूम करू नका, चार पावलं पुढे जा. फ्लॅश बंद. आणि मंगलाष्टकांच्या वेळी सगळ्यांनी फोन खाली ठेवा, नाहीतर बटूच्या प्रत्येक फोटोत मागे वीस फोन.

आप्पा पाटणकर

हे शेवटचं कार्यालयाच्या दारावर लिहून ठेवलं पाहिजे.

रानजाई

(महिन्याभराने)

मुंज झाली, निर्विघ्न. सांगायचं कबूल केलं नव्हतं, पण इतक्या जणांनी वेळ दिलात, तर सांगायला हवं.

मिरजेचा एक तरुण मुलगा मिळाला. पहाटे साडेपाच ते दुपारी दोन, फक्त फोटो, १७ हजार. सदाफुलीच्या सांगण्यावरून आदल्या संध्याकाळी चहाला बोलावलं. १४ नावांचा कागद दिला. तेराचे छान आलेत. चौदावे नवऱ्याचे मामा, ते मुहूर्त टळल्यावर पोहोचले, त्याला तो काय करणार. कुणालाही "परत करा" म्हटलं नाही. गायत्रीच्या वेळी गुरुजींनी कॅमेरा नको म्हटलं, तर तो खाली उतरून लांब उभा राहिला. त्याचा फोटो नाही, आणि नसू दे.

भिक्षावळीचे फोटो नणंदेच्या मुलाने फोनवर काढले आणि ते सगळ्यात मजेचे आहेत. लेक झोळी धरून "ॐ भवति भिक्षां देहि" म्हणताना समोर चॉकलेटं दिसल्यावर जो हसलाय, तो त्या व्यावसायिक मुलाला मिळाला नसता. काही फोटोंत बिटवाला यांनी सांगितलेले काळे पट्टे आलेत. चालेल.

मातृभोजनाचा एक फोटो आहे. मी घास भरवतेय, लेक पुढे वाकलाय म्हणून त्याचा चेहरा अर्धाच दिसतो. माझा हात पूर्ण दिसतो आणि हातात आईच्या पाटल्या आहेत. पाटल्यांबद्दल मी त्या मुलाला काही सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं, तर म्हणाला, "काकू, तुम्ही सकाळपासून दर दहा मिनिटांनी त्या पाटल्यांना हात लावत होतात, म्हणून मी तिकडेच बघत होतो."

नवऱ्याने तो फोटो स्वतःच्या फोनवर लावलाय.

सदाफुली

रानजाई…

टपालपेटी

एफडीचा सल्ला मागे घेतो.

चष्मेबहाद्दर

या मुलाचा संपर्क मला व्यक्तिगत निरोपात द्या. डिसेंबरात पुतणीचं लग्न आहे. चहाला मी स्वतः बोलावतो.

आप्पा पाटणकर

बाई, सगळं छान झालं. पण सासूबाईंचा आणि सासऱ्यांचा रोजच्या कपड्यातला एकेक फोटो काढून घेतलात का? आणि कागदावर छापलंत का काही, की सगळं फोनमध्येच?

रानजाई

काढलेत आप्पा, दोघांचेही, अंगणात खुर्ची टाकून. सासूबाईंचा घरातल्याच नऊवारीत. पाटल्यांचा १२ × १८ आणि बाकीचे ४ × ६ चे ६० छापायला दिलेत, मूळ फाइलींवरून. शनिवारी मिळतील.